नाण्याच्या पाठीवरचीं पुराणें

एका सद्गृहस्थांचें लांबलचक पत्र या महिन्यांत आमच्याकडे आलें आहे. तें वाचून आम्हांस हंसूं आलें आणि थोडें वाईटहि वाटलें. त्यांचे धाकटे चिरंजीव बँकेंत नोकरीस आहेत. गेल्या दोन वर्षांपासून त्यांना परदेशांतील लिलावांतून जुनीं तांब्याचीं नाणीं मागविण्याचा नाद लागला आहे. नाणीं आपल्याकडचीं असतीं तर तक्रार नव्हती; सातवाहनांचें एकादें नाणें किंवा चार शिवराया घरांत आल्या असत्या तर कौतुकच झालें असतें. परंतु हीं नाणीं रोमन अमलाखालच्या आशिया मायनर व मिसर या प्रांतांतलीं. त्यांवर उघडेवाघडे देव, मनुष्याच्या तोंडाचा सर्प, पेटाऱ्यांत बसलेलीं माणसें अशीं चित्रें! आजोबा म्हणतात, देवघराला लागून असलेल्या कपाटांत परक्यांचीं दैवतें नकोत. वडील म्हणतात, ही एकत्र कुटुंबाच्या पैशाची उधळपट्टी आहे. सूनबाई बिचाऱ्या मधल्यामध्यें सांपडल्या आहेत. "आपण जन्मभर शिक्षकाचा पेशा केलात, आपण निवाडा द्यावा," असें पत्राच्या शेवटीं आहे.

दुसऱ्याच्या घरचा निवाडा देण्याचा अधिकार आम्ही आपल्याकडे घेत नाहीं. पण ज्या वस्तूंवरून हा कलह माजला त्या आम्हांस अगदींच अपरिचित नाहींत. आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें विलायतेहून येतांना असलें एक नाणें पावतीसह आणून आमच्या हातावर ठेवलें, आणि तेव्हांपासून निवृत्तींतला रिकामा वेळ आम्ही या विषयाच्या मागें घालवीत आहों. ग्रीक वर्णमाला अवघी २४ अक्षरांची. साठीच्या पुढें ती शिकावयास आम्हांस आठ दिवस पुरले. तेव्हां निवाडा राहूं द्या. हीं नाणीं काय आहेत तें आधीं सांगूं. मग ज्यानें त्यानें आपल्या घरीं ठरवावें.

रोमन नाणें म्हटलें म्हणजे सामान्यतः डोळ्यांपुढें येतें तें बादशाही नाणें, सोन्याचा ऑरियस किंवा रुप्याचा डिनेरियस. याच डिनेरियसवरून संस्कृतांत 'दीनार' शब्द आला आणि गुप्तांच्या काळीं सोन्याच्या नाण्यास तो रूढ झाला. ही बादशाही नाणीं बोलत तीं रोमच्या वतीनें. भाषा लॅटिन, चित्रें विजयदेवतेचीं, शांतीचीं, जिंकलेल्या शत्रूंचीं. परंतु साम्राज्याच्या पूर्वेकडच्या भागांत, जेथें लोक ग्रीक बोलत, तेथें बाजारहाटासाठीं लागणारा तांब्याकांशाचा खुर्दा त्या त्या नगरानें आपला आपण पाडावा अशी वहिवाट होती. विद्वान् या प्रांतिक नाण्यांची गणना जूलियस सीझरच्या वधापासून, म्हणजे इ. स. पूर्व ४४ पासून, करतात. पश्चिमेकडील स्पेन वगैरे प्रांतांत ही वहिवाट लौकरच, क्लॉडियस बादशहाच्या काळापर्यंत, संपली. पूर्वेकडे मात्र ती तिसऱ्या शतकापर्यंत चालली आणि शेवटची टांकसाळ अलेक्झांड्रियाची, ती डायोक्लीशनच्या चलनसुधारणेंत इ. स. २९६ च्या सुमारास बंद झाली. या सुमारें ३४० वर्षांत पांचशेंहून अधिक नगरांनीं नाणीं पाडलीं. बर्नेट, आमांद्री व रिपोलेस या तिघा विद्वानांनीं त्यांच्या सूचीचा पहिला खंड १९९२ मध्यें काढला, त्यांत इ. स. ६९ पर्यंतचींच नाणीं मावलीं. पुढचें काम अद्याप चालूच आहे, आणि आतां ही सूची संगणकावर कोणासहि विनामूल्य पाहतां येते.

या नाण्याला दोन बाजू आणि दोन धनी. पुढल्या बाजूस बहुधा बादशहाचें डोकें. तेथें नगराचें कांहीं चालत नसे. पाठीवर मात्र नगर आपलें म्हणणें मांडी. आणि म्हणणें काय, तर आपल्या गांवचें पुराण. आपल्याकडे जसें करवीराचें माहात्म्य, पंढरीचें माहात्म्य, प्रत्येक क्षेत्राची वेगळी कथा, देव येथेंच कां राहिला याचें वेगळें कारण, तसेंच तेथें. फरक इतकाच कीं आपलीं माहात्म्यें पोथीवर लिहिलीं गेलीं, आणि त्यांचीं बोटभर रुंदीच्या तांब्यावर कोरलीं गेलीं.

त्यांवरील लेख वाचतांना तर संस्कृत शिकलेल्या माणसास घरीं आल्यासारखें वाटतें. नगराचें नांव नाण्यावर बहुधा षष्ठीच्या बहुवचनांत असतें. 'अपामेओन' म्हणजे अपामेकरांचें, 'एफेसिओन' म्हणजे इफेससकरांचें. हा शेवटचा 'ओन' म्हणजे आपल्या 'देवानाम्' या रूपांतील 'आम्' याचाच सख्खा भाऊ. व्याकरण घोकून घेतांना मुलांना वाटतें कीं याचा उपयोग काय. त्यांना हें एक नाणें दाखवावें.

गांवोगांवच्या या कथा किती सांगाव्या! इफेससकरांच्या नाण्यावर त्यांचा मूळपुरुष अँड्रोक्लॉस रानडुकराची शिकार करतांना दिसतो. जेथें मासा व रानडुक्कर वाट दाखवतील तेथें नगर वसवा, असा कौल त्यांस मिळाला होता. कोळ्यांच्या चुलीवरून मासा उडाला, निखाऱ्यानें झुडपें पेटलीं, त्यांतून डुक्कर पळालें, तें जेथें पडलें तेथें इफेसस. ट्रॉयच्या जागीं वसलेल्या इलियन नगरानें हेक्टर रथावर चढविला आहे. होमरच्या काव्यांत पडलेला वीर त्याच्या गांवानें हजार वर्षांनीं विसरूं नये हें आम्हांस फार गोड वाटतें. अबायडॉसच्या नाण्यावर लिआंडर सामुद्रधुनी पोहत आहे आणि पलीकडे बुरुजावर हीरो दिवा धरून उभी आहे. एके रात्रीं तो दिवा वाऱ्यानें विझला आणि दोघेंहि प्राणांस मुकलीं. टायरच्या नाण्यावर एक कुत्रा व एक शिंपला दिसतो. कुत्र्यानें शिंपला चावला, त्याचें तोंड जांभळें झालें, आणि त्यावरून टायरच्या जगप्रसिद्ध जांभळ्या रंगाचा शोध लागला अशी ती कथा. इतक्या गंभीर बादशहाच्या पाठीशीं एक कुत्रा!

कांहीं नाणीं याहून मोठें काम करतात. ऑलिंपियाच्या देवळांत फीडियसनें हस्तिदंत व सोनें यांची घडविलेली झ्यूसची भव्य मूर्ति प्राचीन जगांतील सात आश्चर्यांपैकीं एक. ती केव्हांच नष्ट झाली. पॉसेनियस नांवाच्या प्रवाशानें तिचें वर्णन लिहून ठेवलें आहे. पण ती बसली होती कशी, हात कसे होते, हें डोळ्यांनीं पाहावयाचें तर एलिसकरांनीं हेड्रियन बादशहाच्या काळीं पाडलेल्या विरळा नाण्यांकडेच जावें लागतें. आणि आजोबांनीं हेंहि ऐकावें कीं सायप्रसमधील पाफॉसच्या नाण्यावर देवळाच्या गाभाऱ्यांत मूर्ति नाहीं, एक निमुळता दगड आहे; सिरियांतील एमेसा नगराचा देवहि असाच एक अनगड काळा दगड. तेथील पुजाऱ्याच्या घराण्यांतला एक पोर इ. स. २१८ मध्यें बादशहा झाला तेव्हां त्यानें तो दगड मिरवीत रोमला नेला. शाळिग्रामाची नित्य पूजा करणाऱ्या घरांत हीं दैवतें अगदींच परकीं ठरूं नयेत.

आतां त्या पेटाऱ्याकडे येऊं. पत्रांतल्या तरुणाकडे त्या नाण्याची केवळ प्रतिकृति असावी, कारण अस्सल नाणें फार दुर्मिळ आहे आणि बँकेच्या पगारांत बसणारें नाहीं. फ्रिजिया प्रांतांत अपामेआ नांवाचें व्यापारी नगर होतें. (त्या जागीं आज तुर्कस्तानांतलें जें गांव आहे त्याचें नांव दिनार! योगायोगच, पण नाण्यांच्या नादिष्टास मौज वाटावी असा.) या नगरास लोक 'किबोटॉस' असेंहि म्हणत. त्या शब्दाचा अर्थ पेटारा. सेप्टिमियस सेव्हेरस (१९३ ते २११) पासून ट्रेबोनियानस गॅलस (२५१ ते २५३) पर्यंतच्या निरनिराळ्या बादशहांच्या काळीं या नगरानें एक चित्र पुनःपुन्हां पाडलें. पाण्यावर तरंगणारा चौकोनी पेटारा. त्यांत कंबरेपासून वर दिसणारे एक पुरुष व एक स्त्री. झांकणावर एक पक्षी बसलेला, दुसरा चोंचींत अगर पायांत डहाळी धरून येत असलेला. बाजूस तींच दोघें पुन्हां, आतां कोरड्या जमिनीवर उभीं, उजवा हात वर केलेला. एकाच चौकटींत कथेचे दोन क्षण. सांचीच्या तोरणावर किंवा अजिंठ्याच्या भिंतीवर हीच रीत आहे. आणि पेटाऱ्यावर तीन ग्रीक अक्षरें: नोए. म्हणजे यहुदी लोकांचा नोहा, ज्याची जलप्रलयाची कथा बायबलच्या आरंभीं येते.

मूर्तिपूजक नगराच्या नाण्यावर यहुद्यांची कथा आली कशी? तिसऱ्या अँटायोकस राजानें बाबिलोनियांतील २००० यहुदी कुटुंबें लिडिया व फ्रिजिया येथें आणून वसविलीं असें जोसीफस हा यहुदी इतिहासकार सांगतो. म्हणजे नाण्यांच्या आधीं चारशें वर्षें ते शेजारी राहत होते. शेजाऱ्यांची कथा गांवानें ऐकली, आपल्या गांवाच्या 'पेटारा' या टोपणनांवाशीं ती जुळली, आणि नोहाची नौका आमच्याच डोंगराला लागली असें गांव अभिमानानें सांगूं लागलें. ग्रीकांची स्वतःचीहि अशीच कथा होती, ड्यूकॅलियन व पिर्रा हें जोडपें पेटाऱ्यांत बसून तरल्याची. त्यामुळें ज्यास नोहा ठाऊक नव्हता त्यालाहि चित्र समजे. फिलिप बादशहाच्या काळच्या नाण्यावर ज्याच्या नांवानें तें पाडलें त्याची पदवी पाहिली तर तो नगराचा मुख्य पुरोहित! त्याच गांवच्या दुसऱ्या नाण्यांवर झऱ्याकांठीं पांवा वाजविणारा मार्स्यास आहे. दोन्ही कथा एकाच बाजारांत, एकाच पिशवींत खुळखुळत होत्या.

येथें आमच्या वाचकांस शतपथ ब्राह्मणांतील मनूची आठवण झाल्यावांचून राहणार नाहीं. सकाळीं हात धुतांना ओंजळींत आलेला लहानसा मासा, त्यानें दिलेली प्रलयाची सूचना, त्याच्या शिंगाला बांधलेली नाव, उत्तरेचा पर्वत. साम्य आहेच. पण म्हणून 'सर्व कांहीं आमच्याकडूनच गेलें' असें म्हणणाऱ्या मंडळींच्या पंक्तीस आम्ही बसणार नाहीं. बाबिलोनियांतील गिलगमेशाच्या कथेंत जलप्रलय आहे हें जॉर्ज स्मिथनें १८७२ मध्यें मातीच्या विटांवरून वाचून दाखविलें. नोहाच्या पक्ष्यांचें मूळ तेथें सांपडतें. आमच्या मनूचा मासा तेथें नाहीं, आणि त्यांचे पक्षी आमच्याकडे नाहींत. कथा प्रवास करतात, कांहीं एकाच पुराच्या भीतीनें दोन जागीं जन्मतात. कोणती कोणाची हें ठरविण्याची घाई नसावी.

मनुष्यमुखी सर्पाची गोष्ट अगदीं निराळी आहे, आणि ती घरांतल्या सर्वांनीं मिळून वाचावी अशी आहे. काळ्या समुद्राच्या दक्षिण कांठावर अबोनोटायकॉस नांवाचें लहान गांव होतें. दुसऱ्या शतकांत तेथें अलेक्झांडर नांवाचा एक देखणा, लांब केसांचा बुवा उपजला. ल्यूशियन या ग्रीक लेखकानें त्याचें सारें कारस्थान लिहून ठेवलें आहे. बुवानें हंसाच्या पोकळ अंड्यांत सापाचें पिलूं कोंडून तें नव्या देवळाच्या पायांतील चिखलांत लपविलें आणि सर्व गांवादेखत 'शोधून' काढलें. वैद्यदेव अस्क्लेपियस पुन्हां जन्मला म्हणून गांव नाचूं लागलें! पांचसहा दिवसांत पिलाचा मोठा साप झाला. खरा साप बुवानें आधींच मासेदोनियांतून विकत आणून पाळला होता. त्याचें डोकें काखेंत दाबून धरून, वर कापडाचें रंगविलेलें मनुष्याचें डोकें बसविलेलें, घोड्याच्या केसांनीं तोंड उघडे व मिटे. अंधाऱ्या खोलींत भाविकांची रांग. या देवाचें नांव ग्लायकॉन. दर प्रश्नास दक्षिणा एक द्राख्मा दोन ओबोल, आणि उत्तरें मोघम.

ल्यूशियन म्हणतो, या बुवानें बादशहाकडे दोन मागण्या केल्या: गांवाचें नांव बदलून आयोनोपोलिस करावें, आणि एका बाजूस ग्लायकॉन व दुसऱ्या बाजूस आपण स्वतः असें नाणें पाडूं द्यावें. नांव बदललें, आजहि त्या गांवास तुर्क लोक इनेबोलू म्हणतात तें त्याच नांवाचें झिजलेलें रूप. नाणींहि पाडलीं गेलीं, आणि तीं आज संग्रहालयांत आहेत: वळसे घातलेला साप, मानवी तोंड, लांब केस. पण जीं नाणीं मिळालीं आहेत त्यांच्या पुढल्या बाजूस बुवा नाहीं, बादशहा आहे. सापाला जागा मिळाली, सापवाल्याला नाहीं! तथापि ल्यूशियननें एवढा स्फोट करूनहि ग्लायकॉनचीं नाणीं ट्रेबोनियानस गॅलसच्या काळापर्यंत, म्हणजे बुवाच्या पश्चात् कितीएक वर्षें, पडतच राहिलीं. आणि १९६२ मध्यें रुमानियांतील कॉन्स्टान्ट्सा येथें या देवाची सुंदर संगमरवरी मूर्ति खणतांना सांपडली. नाणें हें देवाच्या खरेपणाचें प्रमाणपत्र नव्हे. लोक काय मानीत होते व गांवाचें पोट कशावर भरत होतें, याची मात्र तें पक्की साक्ष देतें.

आतां आजोबांस आमची एक विनंति आहे. नातवाकडे अलेक्झांड्रियाचें, अँटोनायनस पायस बादशहाच्या आठव्या वर्षाचें कांशाचें जाड नाणें असेल तर तें मागून घ्यावें, चष्मा लावावा आणि पाठ पाहावी. या नगराच्या नाण्यावर इंग्रजी 'एल्' अक्षरासारखी खूण असते, तिचा अर्थ 'वर्ष'. पुढचें अक्षर म्हणजे आंकडा, कारण ग्रीक लोक अक्षरांनींच आंकडे लिहीत. आठवें वर्ष म्हणजे २९ ऑगस्ट १४४ पासून पुढचें. त्या वर्षीं टांकसाळीनें राशींची एक संपूर्ण माळ पाडली. एका नाण्यावर मेंढा धांवत आहे आणि त्यावर शिरस्त्राण घातलेला मंगळ व एक तारा. दुसऱ्यावर सिंह व त्याच्या वर सूर्य. खेंकडा व चंद्र. अशीं बारा राशींचीं नाणीं. आतां मांडणी पाहा: सिंहेंत सूर्य, कर्केंत चंद्र, मेषेंत व वृश्चिकेंत मंगळ, वृषभांत व तुळेंत शुक्र, मिथुनांत व कन्येंत बुध, धनूंत व मीनेंत गुरु, मकरेंत व कुंभांत शनि. आजोबांस हें नाणें कोणी वाचून दाखवावयास नको. पंचांग पाहणाऱ्या प्रत्येक घरांत ग्रहांचीं स्वगृहें हींच, याच क्रमानें पाठ असतात. नातवानें परदेशांतून आणलेलें तें परकें तांबें, आणि तें वाचण्याची विद्या आजोबांच्या जिभेवर!

हा योगायोग नव्हे. आपल्या होराशास्त्रांत यवनांचा ऋण उघड आहे आणि आपल्या पूर्वजांनीं तो लपविला नाहीं. वराहमिहिरानें राशींस क्रिय, ताबुरि, जितुम, लेय अशीं नांवें दिलीं आहेत. तीं ग्रीक क्रिऑस, टाउरॉस, डिडिमॉय, लेओन यांचींच संस्कृत रूपें. 'होरा', 'केंद्र', 'लिप्ता' हे शब्दहि तिकडचेच. या विद्येंत यवन पारंगत असून ऋषींप्रमाणें पूज्य ठरतात, अशा अर्थाचें वचन त्यानें मोकळ्या मनानें घेतलें आहे. त्याच्या आधीं चारशें वर्षें ही मांडणी अलेक्झांड्रियाच्या भाजीबाजारांत हातोहात फिरत होती.

त्याच वर्षीं हीं नाणीं कां पाडलीं, याचा संबंध कांहीं विद्वान् एका मोठ्या कालचक्राशीं लावतात. जुनें मिसरी वर्ष ३६५ दिवसांचें; त्यांत अधिक दिवस नाहीं. म्हणून लुब्धक ताऱ्याचा पहाटेचा पहिला उदय दर चार वर्षांनीं एक दिवस पुढें सरके, आणि पुन्हां वर्षारंभाच्याच दिवशीं यावयास १४६१ मिसरी वर्षें लागत. चार गुणिलें ३६५ अधिक एक. मुलांनीं करून पाहावें. हें चक्र इ. स. १३९ मध्यें पूर्ण झालें. त्या सुमारास, अँटोनायनसच्या दुसऱ्या वर्षीं, नाण्यावर राखेंतून पुन्हां जन्मणारा फिनिक्स पक्षी आला. मग सहा वर्षांनीं ही राशिमाला.

कोणी विचारील, अलेक्झांड्रियाहूनच कल्याण-चौलकडे गलबतें येत होतीं, मग हीं नाणीं कोंकणच्या मातींत कां सांपडूं नयेत? कारण सोपें आहे. रोमन बादशहांनीं मिसरचें चलन मुद्दाम कोंडून ठेवलें होतें. बाहेरचें नाणें आंत चालत नसे, आंतलें बाहेर. हिंदुस्थानचा माल घ्यावयाचा तो बादशाही सोन्यारुप्यानें. म्हणून आपल्याकडे ऑरियस व डिनेरियस निघतात. नगरांचा खुर्दा तर घरकोंबडाच. आपल्या गांवाच्या पंचक्रोशीबाहेर तो क्वचित् जाई. कथा मात्र दुसऱ्या वाटेनें आल्या. कोल्हापुरास ब्रह्मपुरीच्या टेकाडांत, गेल्या शतकाच्या पांचव्या दशकांत, समुद्रदेव पोसायडनची छोटी कांस्यमूर्ति निघाली, ती ज्यांनीं पाहिली असेल त्यांस हें पटेल.

आतां पैशाचा प्रश्न. वडिलांचा आक्षेप अर्धा खरा आहे, पण उधळपट्टीपेक्षां एक मोठा दोष त्यांच्या ध्यानांत आलेला नाहीं, आणि तो आम्ही स्पष्ट सांगतों. हीं नाणीं आज बाजारांत येतात कोठून? कांहीं जुन्या संग्रहांतून, पिढ्यान्‌पिढ्या वह्यांत नोंदलेलीं. पण पुष्कळशीं रात्रीं धातुशोधक यंत्र घेऊन शेतें व टेकाडें उकरणाऱ्यांच्या हातून. अपामेआचें नाणें अपामेआच्या मातींत, एका विशिष्ट थरांत, एका घराच्या कोपऱ्यांत सांपडलें तर तें त्या घराचा काळ सांगतें. तेंच उपटून विकलें म्हणजे तें फक्त चित्र उरतें. त्या घराची गोष्ट कायमची गेली. ज्या नगरानें आपलें पुराण जपावें म्हणून तांब्यावर कोरलें, त्याच नगराचा इतिहास त्या तांब्यापायीं खणून काढावा! तुर्कस्तानानें १९८३ च्या कायद्यानें अशा वस्तु सरकारच्या ठरविल्या असून त्या देशाबाहेर नेण्यास बंदी आहे. एल्माली गांवाजवळ १९८४ मध्यें चोरून खणलेलीं सुमारें १९०० रुप्याचीं नाणीं अमेरिकेंत धनिकांच्या हातीं गेलीं होतीं. कज्जे चालून तीं १९९९ मध्यें तुर्कस्तानास परत करावीं लागलीं. तीं प्रांतिक नाण्यांहून पुष्कळ जुनीं होतीं, पण न्याय एकच.

म्हणून चिरंजीवांस आमचें सांगणें हें कीं ज्या नाण्याचा जुना कागद नाहीं तें कितीहि स्वस्त मिळालें तरी घेऊं नये. युनेस्कोचा करार १९७० सालचा. त्यापूर्वीं तें कोणाच्या संग्रहांत होतें याची पावती, छापील सूचीचें पान, कांहींतरी हवें. अशीं नाणीं महाग पडतात, हें खरें. मग वर्षाकांठीं एकच घ्यावें. वडिलांचाहि प्रश्न त्यानें सुटतो. ही रक्कम स्वतःच्या हातखर्चांतून, आधीं ठरवून, घरांतल्या जमाखर्चाच्या वहींत उघड लिहून खर्चावी. आणि प्रत्येक नाण्यामागें एक पान मराठींत लिहावें: नगर कोणतें, बादशहा कोण, कथा काय, कोठून व कितीस घेतलें. ज्या संग्रहाची वही नाहीं तो धन्याच्या पश्चात् मोडीच्या भावानें जातो. असे दोन संग्रह आमच्या डोळ्यांदेखत गेले आहेत. उलट आपल्या शेतांत नांगराच्या फाळाला नाणीं लागलीं तर तीं कपाटांत ठेवावयाचीं नाहींत. १८७८ च्या कायद्याप्रमाणें दहा रुपयांवरील गुप्तधनाची वर्दी जिल्हाधिकाऱ्यांस द्यावी लागते, आणि १९७२ च्या कायद्यानें शंभर वर्षांवरील नाणें देशाबाहेर पाठवितां येत नाहीं.

बनावट नाण्यांविषयीं थोडेंसें. ओतीव नाण्याच्या कडेला जोडाची बारीक रेघ असते, पृष्ठभागावर बुडबुड्यांचीं छिद्रें असतात, अक्षरांच्या कडा साबणाच्या वडीसारख्या गुळगुळीत. दोन नाण्यांवर हुबेहूब तोच ओरखडा दिसला तर दोन्ही टाकून द्यावीं. झिजलेल्या अस्सल नाण्यावर नव्यानें कोरणी चालवून चित्र 'उठावदार' करणारे कारागीरहि आहेत, तेव्हां फार सुबक दिसणाऱ्या नाण्याकडे संशयानें पाहावें. अलेक्झांड्रियाचें मोठें नाणें वजनानें सुमारें दोन तोळे भरतें आणि बहुतेक वेळां तें झिजलेलेंच असतें. दीर्घकाळ चाललेला खुर्दा तो, नवरीच्या दागिन्यासारखा कसा राहील?

शेवटीं सूनबाईंस व घरांतल्या सर्व उत्साही स्त्रीवर्गास हात जोडून सांगणें आहे. हीं नाणीं मळकट दिसतात म्हणून दिवाळीच्या भांड्यांबरोबर चिंचेच्या कोळांत टाकूं नयेत. राख, लिंबू, रांगोळी कांहीं लावूं नये. वरचा तो हिरवा-तपकिरी थर हेंच त्यांचें अंगरखें. तें उतरलें कीं चित्रहि उतरतें आणि किंमतहि. हातानें कडा धराव्या, तोंडावर बोट लावूं नये. कापूस व लाकडी डबी टाळावी; कोरडी कागदी पाकिटें बरीं. पावसाळ्यांत महिन्यांतून एकदां सगळीं नाणीं उजेडांत पाहावीं. एकाद्यावर फिकट हिरवी, पिठासारखी भुकटी दिसली आणि टोंचल्यास ती सुटून पडूं लागली तर तो क्षारामुळें लागलेला रोग समजावा. तें नाणें त्याच दिवशीं इतरांपासून वेगळें काढावें, शुद्ध केलेल्या पाण्यांत बुडवून ठेवून पाणी रोज बदलीत जावें, आणि पूर्ण वाळल्यावांचून परत डब्यांत घालूं नये.